उसनं चित्र

आमच्या चाळीत एक चित्र होतं. नदी, नदीकाठी झोपडी, झोपडीमागे डोंगर, डोंगरामागे बुडणारा सूर्य आणि पाण्यात दोन बदकं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या दिरानं ते काढलं होतं. हा दीर सिनेमाचे बोर्ड रंगवायचा. पुढे तो इंदूरला निघून गेला आणि चित्र काकूंकडे राहिलं. चित्राला सोनेरी चौकट होती आणि कोपऱ्यातली दिराची सही त्या चौकटीच्या कडेखाली बरोब्बर झाकली जायची. कुणाच्याही घरी मुलगी बघायला माणसं येणार असली की आदल्या संध्याकाळी ते चित्र त्या घरी जायचं. खुर्च्या एकीकडून, कपबश्या दुसरीकडून, शालू तळमजल्यावरून आणि चित्र काकूंकडून. 'हे हिनंच काढलंय हो,' असं मुलीची आई पाहुण्यांना सांगायची. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. त्या एका चित्रावर चाळीतल्या चार मुली उजवल्या असं काकू अभिमानानं सांगायच्या आणि ते खरंच होतं.

माझा त्या चित्रावर भारी राग होता. एक तर ती बदकं. गिरगावात बदक पाहिलं होतं कुणी? आणि दुसरं म्हणजे मला खरोखर चित्र काढता येत होतं. मी मॅट्रिक झाले होते, ड्रॉइंगच्या सरकारी परीक्षा दिल्या होत्या आणि रोज सकाळी खोताच्या वाडीत बाईंकडे शिकायला जात होते. बाई मूळच्या गोव्याच्या, ख्रिस्ती, एकट्या राहणाऱ्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या घरीच दोनचार मुलींना शिकवायच्या. त्यांच्या घरात खोडरबर नावाची वस्तू नव्हती.

"पुसतेस कित्याक गो?" त्या ओरडायच्या. "चुकलेली रेघ राहू दे. कुठं जायचं नाही ते पुढच्या रेघेला तिच्यावरनंच कळतं."

पहिल्या झटक्यात, अंदाजानं काढलेल्या कच्च्या चित्राला बाई 'बोथेतो' म्हणायच्या. त्यातला थ जिभेचं टोक दातांत धरून. तरुणपणी त्यांना एका स्पॅनिश पाद्रीनं चित्रकला शिकवली होती. तो इकडे चर्चच्या भिंती रंगवायला आला आणि इकडेच म्हातारा झाला. जाताना त्यानं आपला जाडजूड स्पॅनिश कोश बाईंच्या स्वाधीन केला. हा शब्द स्पॅनिश का, असं मी एकदा विचारलं तर बाई हसल्या. "स्पॅनिश कुठला? उसना आणलेला," म्हणाल्या आणि त्यांनी कोश माझ्यापुढे उघडला. त्या शब्दाशेजारी बारीक अक्षरांत छापलं होतं की हा इटालियनवरून घेतला आहे. मला ते वाचता येत नव्हतं, बाईंनी बोट ठेवून सांगितलं.

मूळ इटालियन शब्द म्हणे न घडवलेल्या, ओबडधोबड दगडाचा. त्याचंच लहान, लाडकं रूप म्हणजे मोठ्या मूर्तीआधी किंवा मोठ्या चित्राआधी हातानं घेतलेला छोटा अंदाज. स्पेनच्या राजांनी आपले वाडे आणि देवळं रंगवायला इटलीहून चितारी बोलावले. ते येताना रंग घेऊन आले, कुंचले घेऊन आले आणि कामावर बोलायचे शब्दही घेऊन आले. चितारी परत गेले, शब्द मागे राहिला.

"एवढे मोठे चित्रकार त्यांच्याकडे, आणि शब्द शेजाऱ्याचा?" मी म्हटलं.

"मग काय झालं? आवडला, घेतला. पण बघ, घेतला तो घेतला, वर कुणाचा ते छापून ठेवलं. उसनं घेण्यात लाज नाही गो बाय. नाव झाकण्यात लाज."

बाईंचा आणखी एक नियम होता. बोथेतोवर सही करायची नाही. सही म्हणजे काम संपलं, आता यात पुढे काही व्हायचं नाही. त्यामुळे माझे सगळे कागद बिनसहीचे होते. गादीखाली त्यांचा गठ्ठा होता आणि आई त्यातलाच एखादा काढून शेगडी पेटवायची. तिच्या लेखी ती रद्दीच होती.

जूनमध्ये मी चित्रशाळेच्या प्रवेशाला जावं असं बाईंनी ठरवलं होतं. तिथं गुळगुळीत चित्रं नाही, असे कच्चे कागदच बघतात, असं त्या सांगायच्या. मला दुसरं काही सुचत नव्हतं. आप्पा गोदीत कारकून होते. माझ्या पाठीवर एक बहीण होती. दादरचं एक स्थळ सांगून आलं तेव्हा आप्पांनी मला समोर बसवलं आणि नेहमीच्या सरळपणानं सांगितलं, "हे स्थळ आधी. त्यांनी नको म्हटलं, तर जूनमध्ये जा तुझ्या त्या शाळेत. माझा शब्द."

त्यांनी हो म्हटलं तर काय, हे आप्पांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मुलीनं नको म्हणायची आमच्यात पद्धतच नव्हती. तेव्हा माझं सगळं भवितव्य दादरच्या त्या अनोळखी माणसांच्या नकारावर येऊन टेकलं. चाळीतल्या बाकी मुली होकारासाठी सोमवार करायच्या. मी मनातल्या मनात उलटा नवस बोलत होते.

त्या जानेवारीत गिरगाव पेटलेलं होतं. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर सांगितलं होतं आणि तेव्हापासून नाक्यानाक्यावर पोरं, पोलीस, दगड आणि अश्रुधूर. आप्पा म्हणाले की बघण्याचा कार्यक्रम पुढे ढकलावा. पण मुलाच्या मामांनी निरोप पाठवला, 'दंगल काय रोजचीच आहे, मुहूर्त रोजचा नाही.' आणि ठरल्या दुपारी मुलगा, त्याची आई आणि हे मामा खरोखरच येऊन थडकले. मुलगा विमा कंपनीत नोकरीला, उंच, मान खाली घालून बसणारा. मामा त्याच्या वाटणीचंही बोलणारे.

पोहे झाले, चहा झाला. मी तळमजल्यावरचा शालू नेसून पाटावर बसले होते. मामांनी भिंतीकडे बघून मान डोलावली. "सुरेख! बदकं तर अगदी जिवंत!"

"हिनंच काढलंय हो," आई म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही.

इतक्यात खालून गलका ऐकू आला, मग पळापळ, मग फटाफट आवाज. हे फटाके नाहीत हे सगळ्यांना एकदमच कळलं. आप्पांनी रस्त्याकडची खिडकी ओढून घेतली. थोड्या वेळानं पोलिसांची गाडी कर्ण्यावरून ओरडत गेली. कर्फ्यू लागला होता. घराबाहेर दिसेल त्याच्यावर गोळी. पाहुणे आले होते दोन घटका आणि अडकले आमच्या दोन खोल्यांत.

एकमेकांना तोलत असलेली ही दोन घरं, मध्ये रिकाम्या बश्या, आणि दार उघडायची सोय नाही. मुलीच्या बापानं किती वेळ हसरा चेहरा ठेवायचा? मुलाच्या मामांनी किती वेळ चित्राचं कौतुक करायचं? विषय संपले. नाती काढून झाली, कुणाचे कोण कोकणात कुठे हे निघून झालं. मुलाच्या आईला चौकाकडच्या गॅलरीतून टोकाच्या संडासाकडे न्यायचं काम माझ्यावर आलं, तेही शालू सावरत. चाळीतली माणसं त्या गॅलरीतून येऊन हळूच आपापल्या वस्तू मागू लागली, कारण त्यांच्याकडेही बाहेरून आलेली माणसं अडकून पडली होती. दोन खुर्च्या गेल्या. कपबश्या गेल्या. मामा जमिनीवर आले आणि आई शरमेनं अर्धी झाली. चित्र तेवढं कुणी मागितलं नाही. ते भिंतीवर बसून सगळ्यांकडे बघत होतं.

मला कोंडल्यासारखं होत होतं. शालूत घाम आला होता आणि प्रत्येक वेळी मान वर केली की ती बदकं दिसायची. खिडकीच्या फटीतून खालचा रस्ता दिसत होता. इतका रिकामा रस्ता मी जन्मात पाहिला नव्हता. पळणाऱ्यांच्या पायांतल्या वहाणा जागोजाग पडल्या होत्या, काही उलट्या, काही सरळ. मी गादीखालून कागद ओढला आणि फटीशी बसून त्या वहाणा काढायला लागले. हात आपोआपच चालला. आईनं डोळे वटारले, पण पाहुण्यांसमोर तिला बोलता येईना.

मामा कंटाळलेले होतेच. ते मागे येऊन उभे राहिले. "हे काय असलं अर्धवट? वेडंवाकडं? ते बघ, भिंतीवरचं किती सुबक आहे. एकाच हातानं काढलंय असं वाटत सुद्धा नाही."

आता मामांना काय सांगायचं? पण मला राग आला आणि राग आला की माझं तोंड थांबत नाही, आजही. याला बोथेतो म्हणतात, मी सांगितलं. स्पेनमधला शब्द. तो कुठून आला, चितारी कुठून कुठे गेले, दगड कसा ओबडधोबड, सगळं सांगितलं. मुलानं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे उसनाच की तुमचा हा शब्द!" मामा हसले.

"हो, उसनाच. पण त्यांनी तसं कोशात छापलंय. झाकून नाही ठेवलं." आणि मी भिंतीकडे बोट केलं. "ते चित्र माझं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या दिराचं आहे. चौकट काढलीत तर कोपऱ्यात त्याची सही दिसेल."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ते स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले. आई आतल्या खोलीत गेली. खरं तर अशा वेळी पाहुण्यांनी ताडकन उठायचं असतं, चपला शोधायच्या असतात, 'कळवतो' म्हणून जिना उतरायचा असतो. पण खाली बंदुका होत्या. रागावून निघून जायचीही सोय नव्हती. ज्यांचा अपमान झाला ती माणसं आणि ज्यांची अब्रू गेली ती माणसं, सगळी तशीच एकमेकांच्या गुडघ्याला गुडघे लावून बसली.

मला वाईट वाटत होतं का? आप्पांचं वाटत होतं. पण खोटं कशाला सांगू, आत कुठेतरी मला हसूही फुटत होतं. आता त्यांनी हो म्हणणं शक्य नव्हतं. मी जूनमध्ये चित्रशाळेच्या पायऱ्या चढताना स्वतःला बघत होते.

शेवटी मुलाची आईच उठली. "रात्रीचं काय करायचंय? तांदूळ द्या, निवडते," ती माझ्या आईला म्हणाली. आईनं नको नको म्हणत सूप दिलं. मुलाची आई सूप मांडीवर घेऊन दाराशी, चौकाकडच्या उजेडात बसली आणि खडे वेचायला लागली. तिचे हात मोठे होते, सांध्यांशी जाडसर, पण तांदळावर अगदी हलके फिरायचे. आता लपवायचं काही उरलंच नव्हतं. मी समोर बसले आणि ते हात काढले. सूप, तांदूळ, दोन हात, एवढंच. तिला कळलं होतं, पण तिनं हात थांबवले नाहीत.

झाल्यावर तिनं कागद मागितला. बराच वेळ बघत राहिली. "माझे हात असे दिसतात?" तिनं विचारलं. मग गादीखालचे बाकीचे कागदही तिनं मागवले. दुसरं करायला होतं काय? ती एकेक कागद उलटत गेली. शेगडी पेटवणारी आई, टपाल वाचणारे आप्पा, वेणी घालणारी बहीण. माझे कागद इतका वेळ देऊन कुणी पाहिले असतील तर बाईंनंतर तिनंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी कर्फ्यू थोडा वेळ उठला. पाहुणे घाईनं निघाले. मामांनी आप्पांना नमस्कारही धड केला नाही. मुलाची आई मात्र दारात थांबली. हातांचं ते चित्र तिनं पदराआड घेतलं होतं.

"आम्हाला मुलगी पसंत आहे," ती म्हणाली. "सगळीकडे नटवलेल्याच मुली बघतोय. हिनं अडकलेल्या माणसांसमोर खरं सांगितलं. अशी सून मला हवी."

आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं देवापुढे साखर ठेवली. मी तिथेच उभी होते, शालू सोडून साध्या पातळात. ज्या सत्यानं सुटायचं म्हणून मी तोंड उघडलं, त्यानंच मला बांधलं. आप्पांनी शब्द दिला होता तो नकारासाठी. होकारासाठी कुणी काही दिलं नव्हतं.

बाई लग्नाला आल्या होत्या. त्यांनी मला कोऱ्या कागदांचा गठ्ठा दिला आणि "सही करू नको हां घाईनं," एवढंच कानात सांगितलं. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. लोकांना वाटलं, मुलगी सासरी चालली म्हणून रडतेय.

दादरच्या घरात कुणीही वाईट नव्हतं. हाच तर घोळ होता. कुणी दुष्ट असतं तर भांडता आलं असतं. चित्रशाळेचं मी एकदा काढलं तर सासूबाई म्हणाल्या, "घरीच काढ ना. कोण नको म्हणतंय?" खरंच कुणी नको म्हणत नव्हतं. फक्त पहाटे दूध असायचं, मग डबा, मग मामांचं येणं, मग मुलगी झाली, मग तिचा खोकला. नवरा कधी कधी विचारायचा, "काढलंस काही?" आणि मी त्याच्यावर डाफरायचे. बाईंच्या कागदांच्या कडा कपाटात पिवळ्या पडत गेल्या. सासूबाईंनी हातांचं ते चित्र सोनेरी चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत लावलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या दाखवायच्या, "सुनेनं काढलंय. गोळीबारात!"

मग राज्य मिळालं. मुंबईसकट. त्या दिवशी दादरला दारोदार कंदील लागले होते, लोक एकमेकांना पेढे भरवत होते आणि मी पुरण वाटत होते. खालच्या मजल्यावरची शेजारीण लगबगीनं वर आली. तिच्या मुलीला बघायला माणसं येणार होती. दिवस चांगला म्हणून त्यांनी आजचाच धरला होता.

"सूनबाईंचं ते हातांचं चित्र थोडा वेळ द्याल का?" तिनं सासूबाईंना विचारलं. "भिंत अगदीच उघडी दिसते हो."

सासूबाईंनी ते काढून दिलंसुद्धा. मी पुरणाच्या हातानं बाहेर आले. "ते माझं आहे," मी म्हटलं.

"तुझंच आहे ग, कोण नाही म्हणतंय? येईल परत," सासूबाई म्हणाल्या. मी खरं बोलले म्हणून जिनं मला निवडलं, तीच ही बाई. पण शेजारधर्म वेगळा. तिच्या मनात त्यात काहीच विसंगत नव्हतं आणि माझ्या आईच्याही नसतं.

संध्याकाळी चित्र परत आलं. शेजारणीनं सोबत पेढे पाठवले होते. चित्र घेऊन ती मुलगीच आली होती, अंगावर कुणाचा तरी शालू. पसंत पडली होती. मुलाकडच्यांना 'हिनंच काढलेले' हात फार आवडले होते. मी तिला विचारलं, तुला काय करायचं होतं? तिला नर्सिंगचं शिकायचं होतं. फॉर्मसुद्धा आणून ठेवला होता.

"वहिनी," ती म्हणाली, "तुम्ही ते दिलं नसतंत तर बरं झालं असतं." आणि पदर सावरत खाली गेली.

बाहेर लोक नाचत होते. ज्याला त्याला आपापलं मिळाल्याचा आनंद होता. मी दार लावलं. चौकटीचे खिळे उचकटले, कागद बाहेर काढला आणि सही केली. कोपऱ्यात नाही, चौकटीखाली झाकता येईल अशी तर मुळीच नाही. मधोमध, सुपातल्या तांदळावर, आडनावासकट, माहेरच्या. सही करताना बाई आठवल्या. सही म्हणजे काम संपलं. ते मला कळत होतं.

सासूबाईंनी चित्र पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. त्यानंतर ते चित्र मागायला आमच्याकडे कुणी आलं नाही. त्या मुलीचं लग्न मात्र ठरलं ते ठरलंच.